फोटोमास्तरांचं डोकं

कुणाचाही फोटो काढायच्या आधी माझे घरमालक दिवे स्वतःच्या टकलावर लावून बघत. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ते बसायचे, समोरच्या आरशात पाहायचे आणि दिव्याची घोडी डावीकडे-उजवीकडे सरकवायला मला सांगायचे. टकलावर उजेडाचा ठिपका कुठे पडतो त्यावरून गिऱ्हाइकाच्या नाकाची सावली कुठे जाईल ते त्यांना बरोबर कळे. उजेड मोजायचं मीटर त्यांच्याकडे होतं, ते कपाटात पडून असायचं. "मीटर बिघडतं गुरुजी," ते म्हणत. "हे बिघडत न्हाई."

त्या वेळी जालना जिल्हा झालेला नव्हता. औरंगाबाद जिल्ह्यातलं एक मोठं तालुक्याचं गाव, कापसाच्या आणि मोसंब्यांच्या व्यापाराचं. मी भोकरदनकडचा, धावड्याचा. जालन्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो आणि बाजारातल्या एका फोटो स्टुडिओच्या वरची खोली भाड्याने घेतली. खाली स्टुडिओ, मागे मालकांचं स्वयंपाकघर, वर मी. गाव त्यांना फोटोमास्तर म्हणे. मी काका म्हणायचो आणि ते मला गुरुजी, जरी मी त्यांच्या निम्म्या वयाचा वाटत असलो तरी. प्रत्यक्षात आमच्यात पंधरा-सोळा वर्षांचंच अंतर होतं. बाकीची वर्षं त्यांच्या डोक्याने वाढवलेली.

काकांचं टक्कल साधंसुधं नव्हतं. कपाळ कुठे संपतं हे सांगता येत नसे. एका कानामागून निघून दुसऱ्या कानापर्यंत पोचणारी केसांची एक पट्टी मागे उरली होती, तीही दरवर्षी खाली सरकत होती. तरी दर रविवारी ते न्हाव्याकडे जाऊन खुर्चीत बसत. न्हाव्याने लवकर आटोपलं तर उठत नसत. "इतरांना जेवढा वेळ देतो तेवढा दे," म्हणत. मग न्हावी बिचारा हवेतच थोडा वेळ कात्री वाजवी.

त्यांचं गाव घनसावंगीकडचं, गोदावरीच्या अंगाला. वडील दुसऱ्यांच्या उसात राबायचे. छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हा काका तिशीच्या आतले होते आणि हैदराबादच्या एका स्टुडिओत काम शिकत होते. तिथून येताना ते कॅमेरा आणि ‘बराबर’, ‘बिलकुल’, ‘जल्दी’ असे शब्द घेऊन आले, आणि शेवटपर्यंत दोन्ही जपून वापरले. लग्न झालं होतं, बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. त्याबद्दल ते बोलत नसत. स्वयंपाक स्वतः करत, भाकरी माझ्या आईपेक्षा पातळ थापत, आणि ठेचा वाटताना मात्र दार लावून घेत, कारण ठसक्याने गिऱ्हाइकाचा चेहरा बिघडतो.

माणसं ते फोटोच्या आकारावरून लक्षात ठेवत. "ते पोस्टकार्ड वकील आल्ते," असं म्हणाले की मी समजून घ्यायचो. हसू न येणाऱ्या गिऱ्हाइकासमोर ते गंभीरपणे मान खाली घालत आणि विचारत, "यात तुमचं तोंड दिसून राह्यलं का?" गिऱ्हाईक हसे आणि काका मान वर करता करताच बटण दाबत. आरशाशेजारी सुतळीला बांधलेला कंगवा होता. लोकांचे केस ते स्वतः विंचरून देत, भांग असा पाडत की आईनेही तसा पाडला नसेल. आपल्या डोक्याचा त्यांना संकोच म्हणून नव्हता. निदान मी राहायला गेल्यावर पहिली दोन वर्षं तरी मला तो दिसला नाही.

मग सिस्टर आल्या.

सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणे. वय पस्तिशीच्या पुढे. तीर्थपुरीकडच्या बौद्ध कुटुंबातल्या. भावांची शिक्षणं करता करता लग्न राहून गेलेलं. चेहऱ्यावर लहानपणी आलेल्या देवीचे वण होते, गालांवर आणि नाकावर दाट. ओळखपत्राचा फोटो काढायला आल्या होत्या. त्या काळी प्रत्येक फोटोवाला देवीचे वण न विचारता काढून टाकायचा. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने एकेक खड्डा भरायचा, की प्रिंटमध्ये कातडी सपाट. काकांचा त्यात हात धरणारा आसपास कुणी नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "परवा नेलं तर चालंल का? चेहऱ्याचं काम जरा जास्त आहे."

"काय काम?" सिस्टरनी विचारलं.

"हे वण भरून काढायचे."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "ओळखपत्राचा फोटो आहे. ओळख पटायला पाहिजे ना."

त्या गेल्यावर काका बराच वेळ कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाची घडी घालत राहिले. मग मला म्हणाले, "इतक्या वर्षांत असं कुणी बोललं न्हाई." मी वह्या तपासत होतो. मीही फार लक्ष दिलं नाही.

पुढे पावसाळ्यात मला ताप भरला आणि उतरेना. काका मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. सिस्टर ड्युटीवर होत्या. त्यांनी मला झोपवलं, नाडी बघितली आणि दुसरीकडे बघत काकांना म्हणाल्या, "बाबा, पोराला पाणी उकळून द्या." बोलल्यावर त्यांनी मान वर केली, ओळखलं, आणि जरा गडबडल्या. केसपेपरवर सोबतच्या माणसाचं नाव आणि वय लिहायचं होतं. काकांनी वय सांगितलं. सिस्टरनी पुन्हा एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग लिहिलं.

मी बरा होऊन घरी आलो तेव्हा काका माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसले आणि म्हणाले, "गुरुजी, बाबा म्हणली त्याचं काही न्हाई. पण वय सांगितल्यावर ती जी वर बघितली ना, ते लागलं."

त्यानंतर टकलाचा विषय घरात आला तो राहायलाच. एका मोसंबीच्या व्यापाऱ्याने स्टुडिओत विसरलेलं इंग्रजी मासिक काकांनी माझ्यापुढे टाकलं. त्यात टकलावर केस लावण्याच्या ऑपरेशनबद्दल मजकूर होता आणि शेजारी शेजारी दोन फोटो. डोक्याच्या मागचे केस कातडीसकट गोल तुकड्यांनी काढायचे आणि पुढच्या उघड्या जागेत भोकं पाडून बसवायचे, असं ते काम. विलायतेत चाललं होतं आणि मुंबईतही एक डॉक्टर करू लागले होते. मी वाचून अर्थ सांगत गेलो. काकांनी भिंग घेतलं आणि मजकूर सोडून फोटोंवर वाकले.

"हा आधीचा. याला दिवा वरून दिलाय, आणि मान खाली. म्हणून खोपडी चमकून राह्यली," ते म्हणाले. "हा नंतरचा. दिवा समोरून, मऊ. हनुवटी वर. या दिव्यात मला बसवलं तर मलाही थोडे केस येतील."

"म्हणजे खोटं आहे?"

"तसं न्हाई म्हणत मी. केस आहेत त्याला, ते दिसून राह्यलं. पण किती आहेत ते या फोटोवरून कळणार न्हाई. बिलकुल कळणार न्हाई. जाऊन बघावं लागंल."

ठरवायच्या बाबतीत काका असे होते. ऑपरेशन करायचं असं त्यांनी म्हटलं नाही, करायचं नाही असंही नाही. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी त्यांना गाठून या वयात हे काय सुचलं म्हणून टोकलं, तर शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही दात बसवले तेव्हा मी काही म्हणलो का?"

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं मुंबईला गेलो. जालन्याहून छोट्या रुळांची गाडी, मनमाडला बदलून मोठी. सोबत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. काकांच्या मांडीवर कॅमेऱ्याची पेटी, ती त्यांनी फळीवर ठेवू दिली नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर एक कापडाचे व्यापारी बसले होते. त्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, तपासायला आले होते. काकांनी त्यांच्याशी अशी ओळख काढली की पाच-दहा मिनिटांत ते गृहस्थ खिडकीपाशी डोकं वाकवून उभे, आणि काका त्यांच्या केसांतून बोट फिरवतायत. पुढच्या भागात केसांचे झुपके होते, ओळीने लावलेले, ब्रशाला असतात तसे. झुपक्यांच्या मधे कातडी दिसत होती. पण मागचे स्वतःचे केस दाट होते आणि ते पुढे वळवले की फटी बऱ्याच झाकल्या जात.

"दुखलं का?" काकांनी विचारलं.

"दुखलं. खपल्या धरल्या, खाज सुटली. पण आता भांग पाडता येतो," ते म्हणाले आणि खिशातून कंगवा काढून त्यांनी तो पाडूनही दाखवला. माणूस खूश होता. काकांनी परवानगी घेऊन त्यांचे फोटो घेतले, एक समोरून आणि एक खिडकीच्या कडक उजेडात वरून.

डॉक्टर साठीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं आणि मागची पट्टी चिमटीत धरून, बाजूला करून, पुन्हा धरून पाहिली.

"नवे केस कुणीच उगवू शकत नाही," ते म्हणाले. "मी फक्त त्यांची जागा बदलतो. तुमच्याकडे द्यायला फार थोडे आहेत. आणि ही पट्टी अजून उतरते आहे. आज जिथून काढीन तिथे उद्या टक्कल पडेल, मग काढल्याच्या खुणाही उघड्या पडतील."

"पण लावता येतील?"

"कपाळाच्या कडेला विरळ ओळ येईल. त्याच्यामागे सगळं मोकळंच राहील. तीन-चार वेळा यावं लागेल. तुम्ही म्हणालात तर करतो. ऑपरेशन धोक्याचं नाही. पण आरशात जे बघायचं तुमच्या मनात आहे ते मला देता येणार नाही."

काकांनी खिशातून माझी लाल पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. "ओळ कुठून कुठपर्यंत येईल ते काढून दाखवता का? डोक्यावरच काढा."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. मग त्यांनी खरोखर काकांच्या डोक्यावर रेघ ओढली आणि केस कुठे दाट येतील, कुठे विरळ, ते ठिपके देऊन दाखवलं. काकांनी मला कॅमेरा दिला, अंतर आणि उजेड स्वतः लावून दिला, आणि मी त्या लाल ठिपक्यांच्या डोक्याचा फोटो घेतला. परतीच्या गाडीत एक म्हातारी त्यांना विचारत होती, कुठल्या देवाला गेल्ते. काका म्हणाले, "डॉक्टरला."

घरी आल्यावर आठवडाभर स्टुडिओ संध्याकाळी लवकर बंद होत होता. काकांनी मला बोलावलं तेव्हा टेबलावर त्यांच्याच चेहऱ्याचे तीन प्रिंट होते, तिन्ही एकाच निगेटिव्हचे. पहिला जसाच्या तसा. दुसऱ्यावर त्यांनी बारीक ब्रशाने केस रंगवले होते, मासिकातल्यासारखे, काळेभोर, उजवीकडे भांग. तिसऱ्यावर त्या लाल ठिपक्यांबरहुकूम केस घातले होते, एकही जास्त नाही. कपाळाच्या कडेला झुपक्यांची ओळ, मागे मोकळी टाळू. त्या व्यापाऱ्याचा वरून घेतलेला फोटो समोर ठेवून त्यांनी झुपका न् झुपका उतरवला होता.

"आता सिस्टरला दाखवायचं," ते म्हणाले. "तुम्ही बसायचं इथं. ती काय म्हणती ते मला ऐकू येणार न्हाई बहुतेक."

नर्सांचा एक ग्रुप फोटो तयार होता, तो न्यायला सिस्टर शनिवारी दुपारी आल्या. काकांनी पाकीट दिलं आणि शेजारी ते तीन प्रिंट मांडले. स्वतः घोडीचा स्क्रू आवळत उभे राहिले, जो आधीच आवळलेला होता.

सिस्टरनी पहिल्यावर नजर टाकली. दुसरा उचलला. "हे तुमचे धाकटे भाऊ का?"

"न्हाई. मीच. पण तसं होऊ शकत न्हाई."

त्यांनी तिसरा उचलला आणि दाराकडे उजेडात नेला. "याला काय झाल्तं?" त्या म्हणाल्या. "टायफॉइडमधून उठलेलं पेशंट वाटतं."

मग काकांनी सगळं सांगितलं. मासिक, मुंबई, डॉक्टर, पट्टी. सिस्टर ऐकत होत्या. मधे दोन-तीन प्रश्न विचारले, तेही नर्सचे. शुगर आहे का, जखमा लवकर भरतात का, टाके कोण काढणार.

"कशासाठी करून राह्यले पण?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुम्हाला लग्नाचं विचारायचं होतं," काका म्हणाले. "मी आहे त्याच्यापेक्षा फार म्हातारा दिसतो. त्या दिवशी तुम्ही वर बघितलं."

मी वहीत डोकं घालून बसलो होतो. वही कुठल्या वर्गाची होती ते आज सांगता येणार नाही.

सिस्टरनी तिसरा प्रिंट टेबलावर ठेवला. "मी रोज ड्रेसिंग करते," त्या म्हणाल्या. "डोक्याची जखम मी बघितलीय. तेवढं सोसून हा माणूस हाती येणार असंल तर नका करू. याच्यापेक्षा पहिला बरा."

"बराबर," काका म्हणाले. मग घोडीवरचा हात काढून म्हणाले, "आणि लग्नाचं?"

"ते केसांवर ठेवलंय का तुम्ही?"

"न्हाई."

"मंग ते वेगळं विचारा," सिस्टर म्हणाल्या आणि ग्रुप फोटोचं पाकीट घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. काका न्हाव्याकडे जाऊन आले, गिऱ्हाइकांना फोटोपुरता घालायला ठेवलेला स्टुडिओतला काळा कोट अंगावर चढवला आणि दवाखान्यात गेले. वेगळं विचारून आले. सिस्टरनी उत्तर द्यायला महिना घेतला, भावांना कळवलं, त्यांची कुरकुर ऐकून घेतली, आणि होकार दिला. बुद्धवंदना घेऊन लग्न झालं. फोटो मी काढले, आणि त्यांतले निम्मे हलले. काकांनी ते निम्मेही छापले.

मागच्या स्वयंपाकघरात आता ठेचा दार उघडं ठेवून वाटला जाऊ लागला, कारण सिस्टरना बंद दाराचा राग होता. एवढा फरक सोडला तर काका होते तसेच राहिले. फक्त गावात एक गोष्ट पसरली की फोटोमास्तर मुंबईपर्यंत जाऊन ते ऑपरेशन नको म्हणून परत आले, म्हणजे ते ऑपरेशन फसवणुकीचं. काकांच्या कानावर ते येई, पण कुणी तोंडावर विचारलं नव्हतं, म्हणून ते बोलत नसत.

एकदा सिस्टरनी तीर्थपुरीहून त्यांच्या नात्यातली एक मुलगी आणली. विशीची, मास्तरकीचं शिक्षण घेत होती. लहानपणी अंगावर उकळतं तेल पडलं होतं. कानाच्या वर तळहाताएवढ्या जागेत केस नव्हते, नुसती गुळगुळीत ओढलेली कातडी. बाकी डोक्यावर एवढे दाट केस की वेणी हातात मावत नव्हती. पदर तिच्या डोक्यावरून कधी ढळत नसे. वर्गात शिकवायचा सराव असे तेव्हा फळ्यावर लिहिताना ती एका हाताने पदर धरून ठेवायची. सिस्टरच्या मनात तिला त्याच डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मुलीचे वडील स्टुडिओत बसून म्हणाले, "मास्तर, तुम्ही स्वतःचं केलं न्हाई. मंग माझ्या पोरीचं कशाला?"

काकांचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला.

"मी केलं न्हाई म्हणजे कुणीच करू नये, असं मी कधी म्हणलो? माझ्याजवळ काढून द्यायला केस नव्हते. तिच्याजवळ आहेत. माझं टक्कल वाढून राह्यलं होतं, तिची जागा तेवढीच राहणार आहे. दोन डोकी वेगळी आहेत, दादा. माझ्या डोक्यावरून तिचं ठरवू नका." मग आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर न्हाई म्हणला तर मीच परत घेऊन येतो. तो खोटं बोलत न्हाई, ते मी बघितलंय."

वडील मुलीकडे बघू लागले. मुलगी पदर धरून उभी होती. "मला जायचंय," ती म्हणाली.

काका, सिस्टर, वडील आणि मुलगी असे चौघं मुंबईला गेले. काकांना दारात बघून डॉक्टर म्हणाले म्हणे, "शेवटी ठरवलंत तर तुम्ही." काका म्हणाले, "हो, लग्न झालं. आता हिचं बघा." डॉक्टरांनी मुलीची कातडी बघितली आणि सांगितलं की इथे उपयोग आहे. वणाचा काही भाग कापून कातडी जवळ ओढायची, उरलेल्या जागेत केस बसवायचे. सगळं एकदम होणार नाही, थोडी खूण राहील. मुलगी तीनदा मुंबईला जाऊन आली. मधल्या काळात सिस्टर तीर्थपुरीच्या एसटीने जाऊन तिच्या पट्ट्या बदलत. खपल्या पडल्या, लावलेले केस आधी गळाले, घरच्यांनी आशा सोडली, डॉक्टरांनी कळवलं की असंच होतं, थांबा. मग आम्हाला बरेच महिने काही कळलं नाही.

उन्हाळ्यातली गोष्ट. मला एका मोठ्या शाळेत नोकरीसाठी अर्ज करायचा होता आणि अर्जाला फोटो हवा होता. काकांनी मला स्टुलावर बसवलं, दिवे लावले, माझी हनुवटी बोटाने उचलली, "आता हलू नका," म्हणाले आणि काळ्या कापडात शिरले. कापडातून बाहेर आले तेव्हा त्यांची नजर माझ्यावरून सरकून दाराबाहेर गेली. रस्त्यापलीकडे एसटी स्टँडकडून ती मुलगी येत होती. भर दुपारचं ऊन, डोक्यावर पदर नव्हता, खांद्यावर होता. एका हातात पिशवी, दुसरा हात मोकळा.

काका तसेच बाहेर पळाले. चप्पल घातली नाही. त्यांनी सिस्टरना हाक मारलेली ऐकू आली, मागच्या दाराने त्या धावल्याचंही ऐकू आलं. मग रस्त्यावर तिघांचं बोलणं, मुलीचं हसणं, सिस्टरचं "वाक बरं जरा, बघू दे, इकडून बघू दे." मला मान वळवून बघायचं होतं. पण मला हलू नका म्हटलेलं होतं.

बऱ्याच वेळाने काका आत आले. पाय भाजलेले, डोळे ओले, डोकं घामाने चमकणारं. कॅमेऱ्यामागे जाऊन त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"हलले का गुरुजी?"

"न्हाई," मी म्हणालो.

"बराबर," म्हणाले आणि बटण दाबलं.